शेतकऱ्याचे चरित्र आणि आमची लेखणी

चरित्रलेखनाविषयी आमच्याकडे जी चर्चा होते ती बहुधा राजकारणी पुरुष, साधुसंत, समाजसुधारक आणि ग्रंथकार यांच्या चरित्रांपुरती असते. शेतकऱ्याच्या आयुष्याला चरित्राचा घाट देता येईल काय, आणि देता आला तर त्याची मोजमापे कोणती, हा प्रश्न आमच्याही डोक्यात कधी आला नव्हता. तो आला एका लहानशा पुस्तकामुळे. आणि ज्याअर्थी त्या पुस्तकातील एका लेखाबद्दल आम्हांस स्वतःस लाज वाटते, त्याअर्थी हकीकत आरंभापासून सांगणे बरे.

आमचे एक मामा नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील एका खेड्यात शेती करीत असत. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, मामांच्या तोंडी मात्र अखेरपर्यंत नुसते ‘नगर’ होते.) जमीन नऊ एकर, त्यांपैकी निम्मी पाटाखाली. त्यांना जाऊन वर्ष झाले तेव्हा मुलांनी एक स्मरणिका काढली. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर फेटा बांधलेले छायाचित्र, आणि अर्धीअधिक पाने अभिवादनाच्या जाहिरातींनी व्यापलेली. उरलेल्या पानांत आप्तेष्टांचे लेख. ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’, ‘वारकरी वृत्तीचे’, ‘शून्यातून विश्व निर्माण करणारे’ ही विशेषणे प्रत्येक लेखात, फक्त त्यांचा क्रम निराळा. पुस्तक वाचून संपविल्यावर हा गृहस्थ शेती करीत होता की किराणा दुकान चालवीत होता, याचा पत्ता वाचकास लागत नाही. बैलांची नावे नाहीत, विहिरीची खोली नाही, 1972 च्या दुष्काळाचे एक वाक्य, तेही ‘खडतर परिस्थितीशी झुंज दिली’ असे. आणि या सर्व लेखांत सर्वांत गुळगुळीत, सर्वांत अलंकारिक आणि सर्वांत पोकळ लेख कोणाचा म्हणाल, तर आमचा. महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणारा भाचा म्हणून संपादकांनी तो पहिला छापला होता.

स्मरणिकांवर टीका करणे म्हणजे लग्नपत्रिकेवर टीका करण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आमचे म्हणणे असे, की स्मरणिकेतील भाषा आकाशातून पडत नाही. जी भाषा मोठ्या ग्रंथांत रूढ होते तीच झिरपत झिरपत स्मरणिकेपर्यंत येते. आमच्या लेखणीला मामांविषयी बोलता आले नाही, याचे कारण शेतकऱ्याविषयी बोलण्याचे दोनच साचे तिला ठाऊक होते. एक पीडिताचा, दुसरा प्रवर्तकाचा. मामा या दोहोंत बसत नव्हते.

पहिला साचा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथापासून चालत आला आहे. 1883 साली लिहिलेला हा ग्रंथ कर्त्याच्या हयातीत पुस्तकरूपाने निघाला नाही. पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ पत्रात छापली गेली आणि पुढची थांबली. त्याच्या आठच वर्षे आधी, 1875 च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले होते, आणि तो वणवा पाहता पाहता नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या बाजूस पसरला होता. सरकारने चौकशी नेमली, 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. ‘असूड’ या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याची धार कळते. परंतु वाङ्मय म्हणून त्याची जी गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते ती निराळीच आहे. त्याचे पहिले प्रकरण हे वास्तविक एक चरित्र आहे. शेतकरी आईच्या पोटात असतो तेथपासून तो मेल्यावर त्याच्या श्राद्धापर्यंत, आयुष्याच्या कोणकोणत्या वळणावर धर्माच्या नावाने त्याच्याकडून काय काय काढून घेतले जाते, याची ती ओळीने मांडलेली जंत्री आहे. जन्म, बारसे, लग्न, घरभरणी, सण, मरण. म्हणजे शेतकऱ्याचे आमच्या भाषेतील हे पहिले आयुष्य लिहिले गेले ते त्याच्यावरील आकारणीच्या हिशेबाच्या रूपाने! पुढे कलेक्टरसाहेबांच्या छावणीवरून निराश होऊन स्वतःशीच पुटपुटत घराकडे निघालेला कुळवाडी येतो, तेव्हा तर फुल्यांची लेखणी कादंबरीकाराची होते. त्याचे कपडे, त्याचे घर, घरातील कोपरे, परसातील घाण, सगळे आपण पाहतो. एवढा बारीक तपशील त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही मराठी लेखकाने शेतकऱ्यास दिलेला आमच्या वाचनात नाही. मात्र तो तपशील दिला आहे तो पुरावा म्हणून. न्यायासनासमोर ज्याचे दुःख मांडावयाचे त्याच्या अंगावरील वळ वकील दाखवितो तसा.

फुल्यांना दुसरे काही करणे शक्यही नव्हते व उचितही नव्हते. पण त्यांचा हेतू उसना न घेता केवळ त्यांचा साचा उसना घेतला गेला, म्हणजे काय होते ते पाहावे. शेतकरी हा माणूस न राहता प्रकरण होतो. सरकारी तक्त्यातही आज हेच दिसते. शेतकऱ्याने जीव दिला तर 1 लाख रुपयांच्या साहाय्यासाठी त्याचे मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. जमीन त्याच्या नावावर होती का, कर्ज मान्य संस्थेचे होते का, ते थकले होते का, एवढ्या रकान्यांत त्याचे आयुष्य बसवावे लागते. ज्याच्या मरणाला इतके रकाने, त्याच्या जगण्याला एकही नाही. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही 2002 सालची कादंबरी, जिला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, या साच्यातून पुष्कळ अंशी सुटली आहे, कारण तिच्यात शिकून घरी बसलेला मुलगा आहे, त्याची खंत आहे, आणि घरातील माणसांची एकमेकांवरील चीड आहे. चीड आली की माणूस ‘पीडित’ राहत नाही, माणूस होतो. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’तील (1971) नारबाविषयीही हेच म्हणता येईल. तो तर जमिनीचा मालकही नाही, चाकर आहे. पण मालकाने ट्रॅक्टर आणला आणि वाड्यातील जनावरे एकेक करून गेली, त्या दुःखाला कोणत्याही सरकारी तक्त्यात रकाना नाही, आणि म्हणूनच ते वाचकाच्या मनात घर करून राहते.

आता दुसरा साचा. याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातील आहे आणि ते थोर आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शिक्षण चौथी इयत्तेपर्यंत. 1923 साली गावात सहकारी पतपेढी काढली, तेव्हापासून सावकारीच्या विळख्यातून कुणब्यास सोडविण्याचा एकच ध्यास. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी पाटाने खाली आले, ऊस उभा राहिला. पण साखर करणारे कारखाने खाजगी मालकीचे, आणि शेतकरी आपल्याच पाण्याच्या काठी बसलेला. दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षी, 1945 च्या डिसेंबरात, बेलापूर रोड येथे बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. तेथून पुढे कारखान्याची कल्पना, गावोगाव हिंडून भागभांडवल, वैकुंठभाई मेहतांचे साहाय्य, आणि 31 डिसेंबर 1950 रोजी पहिला गळीत हंगाम. दररोज 500 टन ऊस गाळणारा तो कारखाना सहकाराच्या इतिहासात अजरामर झाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष आणि विखे उपाध्यक्ष, ही जोडी तर कादंबरीकारास मोह पडावा अशी. एक केंब्रिजहून आलेला अर्थशास्त्रज्ञ, दुसरा धोतर-फेट्यातला पाटील. 1961 साली विखे यांस पद्मश्री मिळाली. 27 एप्रिल 1980 रोजी ते वारले.

या पुरुषाविषयी गौरवपर लिखाण उदंड झाले आहे, आणि त्यांच्या नावाने दर नारळी पौर्णिमेस प्रवरेकाठी साहित्यिकांना पुरस्कारही दिले जातात. एका शेतकऱ्याच्या जन्मतिथीस लेखकांचा सन्मान व्हावा, हे दृश्य आम्हांस मनापासून आवडते. पण अशा प्रवर्तक पुरुषांची चरित्रे म्हणून जे साहित्य सामान्यतः छापले जाते, त्याची घडण पाहिली म्हणजे मन खट्टू होते. चरित्रनायक कारखान्याची कोनशिला बसेपर्यंत जिवंत असतो, त्यानंतर त्याची संस्था होते. पुढील प्रकरणांत शाळा, दवाखाने, वसतिगृहे, पाणीपुरवठा योजना यांची यादी येते, ती वाढत जाते, आणि शेवटच्या पानावर दीप मालवतो. 1950 ते 1980 ही तीस वर्षे विखे पाटलांसारखा माणूस सकाळी उठून काय पाहत होता? लहानपणीची कोरडवाहू जमीन आणि म्हातारपणचा हिरवा ऊस यांत त्याला काही तुटल्यासारखे कधी वाटले का? ऊस तोडण्यास त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातून आणि पलीकडे बीडकडून बैलगाड्यांवर संसार लादून माणसे येऊ लागली, पाचटाच्या खोपींत राहू लागली, त्यांच्याकडे पाहून भागधारक शेतकऱ्याच्या मनात काय येत असे? हे प्रश्न चरित्रकाराने विचारावयाचे. गौरवाला ते अडचणीचे वाटतात. वास्तविक त्यांनी माणूस लहान होत नाही. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने (1994) सहकार आणि शिक्षणसंस्था यांच्या या जगात शिरून तेथील माणसे उघडी करून दाखविली, ती कादंबरी असल्यामुळे दाखवू शकली. चरित्राने ती हिंमत अद्याप पुरतेपणी केलेली नाही, असे आमचे मत आहे. मतभेदास जागा आहे.

मग शेतकऱ्याचे आयुष्य लिहावे कसे? येथे आम्हांस एका परदेशी कथेची आठवण होते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील नेब्रास्का प्रांत. विला कॅथर ही लेखिका तेथेच लहानाची मोठी झाली. तिच्या 1932 सालच्या कथासंग्रहात ‘शेजारी रोसिकी’ या अर्थाच्या नावाची एक दीर्घकथा आहे. रोसिकी हा बोहेमियातून आलेला म्हातारा, पूर्वीचा शिंपी. लंडनमध्ये उपाशी राहिला, न्यूयॉर्कमध्ये सुई चालविली, शेवटी जमिनीच्या ओढीने पश्चिमेकडे गेला. कथेच्या आरंभी डॉक्टर त्याला सांगतो, तुझे हृदय खराब झाले आहे, जड काम करू नकोस. कथेच्या अखेरीस तो मरतो. मधे काय घडते? खरे म्हटले तर काही नाही. घरी परतताना बर्फ पडत असताना तो गावाच्या लहानशा स्मशानाजवळ गाडी थांबवितो आणि जागा बरी आहे, घराजवळ आहे, आपले गवताचे रान येथून दिसते, असे त्याला वाटते. थोरल्या मुलाची बायको शहरात वाढलेली, तिला खेड्यात करमत नाही, म्हणून शनिवारी रात्री तो आपली मोटार त्या जोडप्यास देतो आणि त्यांची भांडी स्वतः घासतो. एका उन्हाळ्यात गरम वाऱ्याने सगळा मका एका दुपारी करपून गेला होता. त्या संध्याकाळी त्याने कोंबड्या कापावयास लावल्या आणि बायकामुलांना घेऊन झाडांखाली जेवण केले. पीक गेले हे बायकोस तेथेच, जेवताना सांगितले. शेवटी लसूणघासाच्या शेतात काटेरी तण माजले ते काढावयास तो जातो, छातीत कळ येते, सून धावत येऊन त्याला आत नेते, आणि त्या दुपारी तिला प्रथम कळते की आपल्यावर इतके प्रेम कोणीच केले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर तो जातो.

या कथेत रोसिकी पीडित नाही, जरी त्याने उपासमार भोगली आहे, आणि प्रवर्तकही नाही. त्याच्यावर कर्ज नाही, शिल्लकही नाही. लेखिकेने त्याला मोजले ते कशाने? त्याच्या तळहाताने. तो हात कसा होता, उबदार, तपकिरी, चपळ, याचे जे वर्णन तिने केले आहे त्यात सगळा माणूस येतो. वर्डस्वर्थच्या ‘मायकेल’ या काव्यातील धनगर आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही वर्षानुवर्षे शिकविला. मुलगा शहरात जाऊन बिघडला आणि म्हाताऱ्याचा मेंढवाडा अपुरा राहिला, ही कथा भव्य आहे. पण मायकेल डोंगरासारखा दुरून दिसतो. रोसिकीच्या पानात काय वाढले आहे तेही आपणांस दिसते.

कोणी म्हणेल, हे परदेशी थाट आमच्या मातीत रुजावयाचे नाहीत. त्यांना आमचे उत्तर नगर जिल्ह्यातलेच आहे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा संसार नगरला आणि राहुरीला झाला. विशेषण न वापरता, सोवळ्याओवळ्यापासून उसन्या पैशापर्यंतचे तपशील जसेच्या तसे ठेवून एक आयुष्य उभे करता येते, हे त्यांनी 1934 पासून पुढच्या दोनतीन वर्षांत महाराष्ट्रास दाखवून दिले. त्या शेतकरी नव्हत्या, पण रीत त्यांची आहे आणि ती घरचीच आहे. त्याच राहुरीस 1968 साली कृषी विद्यापीठ आले आणि त्याला ‘असूड’कारांचे नाव मिळाले. ज्वारीच्या वाणांची नोंद तेथे काटेकोर ठेवली जाते. ज्वारी पिकविणाऱ्याची नोंद ठेवणे हे काम मात्र विद्यापीठाचे नसून आमचे, म्हणजे लिहिणाऱ्यांचे आहे.

मामांकडे परत येतो. स्मरणिकेत जे आले नाही ते थोडे येथे लिहितो. उशिराने का होईना. 1972 च्या दुष्काळात मामा-मामी दोघेही खडी फोडावयास गेले. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळे, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी थापताना फाटे, आणि मामी म्हणे, ‘ह्या ज्वारीला आपली भाषा कळत नाही.’ (रोसिकीच्या प्रांताकडील धान्य आमच्या आजोळच्या तव्यावर आले होते, हे आमच्या ध्यानी यावयास पुढे कित्येक वर्षे लागली.) त्यानंतर मुळेचे पाणी पाटाने आले. मामांनी ऊस लावला, पण दोन एकर रान मालदांडीसाठी कायम राखले. ऊस विकण्यासाठी, ज्वारी खाण्यासाठी, असे ते म्हणत. मुलांशी त्यांचे यावरून दरसाल भांडण होई, आणि ते भांडण स्मरणिकेत ‘नव्या पिढीला मार्गदर्शन’ या शब्दांत आले आहे. ते वारीस एकदाच गेले. दुसऱ्या वर्षी निघण्याच्या वेळेस पेरणीला वाफसा आला, म्हणून थांबले; पुढे दर वर्षी वाफसा यावयाचा. शिवी देण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. बैल विकल्यानंतर पंधरा दिवस त्यांनी गोठ्यातील गव्हाण झाडून ठेवली.

ते गेले माघात, रात्री. विजेचा फेरा त्या आठवड्यात रात्रीचा होता आणि धाकटा मुलगा ज्वारीला दारे धरावयास गेला होता. मामा ओसरीवर पडून होते. मध्यरात्रीनंतर मुलगा कंदील घेऊन घरी आला तेव्हा त्यांनी विचारले, ‘पाणी कुठवर आलं रं?’ मुलगा म्हणाला, ‘बाभळीपावतर.’ बाभळ म्हणजे रानाचा अर्धा. मामांनी हुंकार दिला. पहाटे चहा घेऊन मामी गेली तेव्हा ते नव्हते. आमच्या लेखात या रात्रीचे वर्णन ‘ते अनंतात विलीन झाले’ असे आहे.

मामांना एक सवय होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटींत ते शिसपेन्सिलीने रोजची टिपणे करीत. वर्ष संपले की दिनदर्शिका गुंडाळून माळ्यावर टाकीत. स्मरणिका हाती आल्यावर आम्ही धावतपळत आजोळी गेलो आणि मामेभावाकडे ती भेंडोळी मागितली. घराला नवा स्लॅब टाकताना सगळी रद्दीत गेली होती. त्याला दोष द्यावा असे काही नव्हते. लेख मागण्यास तो आमच्याकडे आला होता त्या दिवशी आम्हीच त्यास भिंतीवरचे कागद विचारावयास हवे होते. फक्त एक पान उरले आहे, मामीच्या धान्याच्या डब्याच्या तळाशी अंथरलेले. वर्षाचा आकडा फाटला आहे, महिना जूनचा आहे. 7 तारखेच्या चौकटीत ‘मृग. कोरडा’. 11 ला ‘पांढऱ्याचा खूर, तेल लावले’. 15 ला ‘उसने 2 पायली, रखमाकडे’. 19 ला काही नाही. 22 च्या चौकटीत छापील तिथी व नक्षत्र यांवरून मोठ्या अक्षरांत, पेन्सिल दाबून लिहिले आहे: ‘रात्री आला. पहाटेपर्यंत. सगळी जागी.’